माझ्या सागावर माझंच गवत

आमच्या गावात मारुतीच्या देवळापुढे सभामंडप आहे. त्याला सागाचे आठ खांब आहेत. ते हनुमान जयंतीच्या आधी उभे राहायचे होते. तसा शब्द मी पारावर सगळ्यांसमोर दिला होता. खांब उभे राहिले ते जयंती होऊन गेल्यावर. एवढं खरं आहे. पण उशीर का झाला याचं जे उत्तर गावाने ठरवून टाकलंय, ते कानावर आलं की माझं डोकं आजही फिरतं. गाव म्हणतं, हा डेपोत घासाघीस करत बसला.

घासाघीस मी करतो, नाकारत नाही. वडील डोक्यावर मोळ्या आणून विकायचे. मी सरकारी लाकडाच्या डेपोत हमाल म्हणून लागलो, मग जळाऊ लाकडाचे ढीग घ्यायला लागलो, मग कारंज्याला आरा गिरणी टाकली. यातलं काहीही कुणी हातात आणून दिलं नाही. भाव पाडून, भांडून, पाठ फिरवून चालू लागून आणि मागून हाक आली की परत वळून मी ते कमावलं. माझा आवाज चढतो, हेही खरं. पण त्या खांबांच्या वेळी घासाघीस करायला माझ्यासमोर माणूसच नव्हता. लिलाव मोबाईलवर झाला. मोबाईलशी कोण घासाघीस करतं?

शब्द दिला त्या दिवशी पारावर आबा होते. आबा म्हणजे वडिलांच्या बरोबरीचे, देवळाच्या पंचांतले. माझ्याबद्दल चांगलं बोलायचं असलं तरी त्यात एक खडा टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"लाकडं तू देशीन, त्याची मले खातरी हाये," ते म्हणाले. "पन टायमावर देशीन का? तुह्यी सवय माहीत हाये मले. समोरचा रडकुंडीले येत नाई तवरोक तू माल उचलत नाई."

"आबा, जयंतीच्या आधी खांब उभे राह्यतीन," मी म्हणालो. "नाई राह्यले तर मले या पारावर बसू देऊ नका."

लोक हसले. मी हसलो नाही. मोळीवाल्याचा पोरगा म्हणून याच पाराच्या कडेला मी उभा राहत असे. बसायला कुणी सांगत नसे.

लिलाव आता मोबाईलवर होत असला तरी माल बघायला डेपोत जावंच लागतं. आमच्या भागातला डेपो टेकडीच्या पायथ्याशी आहे. तारेचं कुंपण, आत लाकडांच्या थप्प्या, प्रत्येक थप्पीवर लॉटचा नंबर. आम्ही व्यापारी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने एकेक लाकूड ठोकत फिरतो. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ असलं की आवाज बसका येतो. त्या वर्षी एका लॉटमध्ये मला हवं होतं ते सापडलं. आठ लांब, सरळ बुंधे, एकाच कटाईतले, जवळपास एकाच घेराचे. आमच्याकडे शेतातला साग मिळतो, पण तो बारीक आणि वाकडा. असे आठ बुंधे एका जागी मिळायला नशीब लागतं. मी प्रत्येक बुंधा दोन्ही टोकांनी ठोकला आणि चेहऱ्यावर काही दिसू न देता दुसऱ्याच लॉटकडे बघत उभा राहिलो. जुनी सवय. मोबाईलला माझा चेहरा दिसत नाही, हे मी त्या वेळी विसरलो होतो.

लिलावाच्या दिवशी गिरणीत बसून मी बोटाने बोली लावली. पलीकडे कोण होता देव जाणे, प्रत्येक वेळी माझ्या वर चढत होता. समोर असता तर मी त्याच्या डोळ्यांकडे बघून ओळखलं असतं कुठे थांबणार ते. इथे नुसते आकडे. वेळ संपत आली तेव्हा तो थांबला आणि लॉट माझा झाला. मी पैसे लगेच भरले. गावात कुणाला हे सांगितलं तर ते ऐकूनच घेत नाहीत, पण मी लगेच भरले.

आता ट्रक न्यायचा आणि माल आणायचा, एवढंच काम उरलं होतं. डेपोवरच्या गार्डला विचारलं. गार्ड पन्नाशीचा, शांत माणूस. त्याचा आवाज कधीच चढत नाही, म्हणून त्याच्यावर चिडायला जास्त ताकद लागते.

"गाडी आनू का उद्या?"

"आना न शेठ. पन हातोडा नाई."

डेपोतून निघणाऱ्या प्रत्येक लाकडाच्या टोकावर सरकारी हातोड्याचा ठसा मारावा लागतो आणि सोबत वाहतुकीचा पास लागतो. दोन्ही नसलं तर आपलंच लाकूड रस्त्यात चोरीचं ठरतं.

"हातोडा कुठी हाये?"

"साहेबाच्या गाडीत."

"अन् साहेब?"

"जाळरेषेवर."

जाळरेषा म्हणजे जंगलातला तोडून, जाळून मोकळा केलेला पट्टा. उन्हाळ्यात आग लागली तर तिथे येऊन थांबावी म्हणून थंडी संपता संपता तो तयार करतात. त्या वर्षी काम मागे पडलं होतं. का मागे पडलं? कारण सगळी माणसं लिलावाच्या कामावर होती. आणि लिलावाचा माल का निघत नव्हता? कारण सगळी माणसं जाळरेषेवर होती. हे मला गार्डने अगदी मनापासून समजावून सांगितलं, जणू त्यात माझं समाधान होण्यासारखं काही होतं.

मी मोटरसायकल काढून जाळरेषेवर गेलो. तिथे आगीच्या हंगामापुरते ठेवलेले दोन वॉचर पळसाखाली बसले होते. पट्ट्यातलं गवत कापून जागच्या जागी पडलं होतं. जाळलं नव्हतं. साहेब हजर असल्याशिवाय पेटवायचं नाही, असा हुकूम होता.

"साहेब आता गेले डेपोवर," एक वॉचर म्हणाला. "कोन्या शेठले लई घाई हाये म्हनत होते."

डेपोवर परत आलो तर साहेब तिथून शेलूबाजारकडे निघून गेले होते.

रेंजर साहेब शेवटी भेटले तेव्हा नीट बोलले. बाहेरून बदलून आलेला माणूस, हाताखाली माणसं कमी, वरून रोज फोन. "आगीचा हंगाम आहे, थोडे दिवस द्या," म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहे, पण हे गवत तरी काढा. कारण तोवर माझं लक्ष गवताकडे गेलं होतं. डेपोच्या आत, थप्प्यांच्या मधून आणि कुंपणाच्या कडेने, कंबरेपर्यंत वाळलेलं गवत उभं होतं. माझ्या आठ बुंध्यांच्या चारी बाजूंनी. एक ठिणगी पुरली असती.

"ते गवत काढता येत नाही," साहेब म्हणाले. "त्याचा लिलाव व्हायचाय."

"गवताचा?"

"सरकारी माल आहे. दोनदा लिलाव लावला, कोणी आलं नाही. विकल्याशिवाय हात लावता येत नाही."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. गार्ड तेवढा वेळ कुंपणापलीकडे जाऊन उभा राहिला. शेवटी मी म्हणालो, मी घेतो गवत. साहेबांना बरं वाटलं. पण गवताचा लिलाव मोबाईलवर नव्हता, तो तोंडी होता, आणि एकटाच बोली लावणारा असला तर लिलाव धरत नाहीत.

"अजून दोन मानसं आना," गार्ड म्हणाला.

मी डेपोसमोरचा चहावाला आणि जवळच्या वस्तीतला दूधवाला यांना घेऊन गेलो. दोघांना बजावलं, एकेक बोली लावा आणि गप्प बसा. दूधवाला बोलला आणि गप्प बसला. चहावाल्याने मात्र जन्मात कधी लिलाव पाहिला नव्हता. साहेब टेबलाशी, गार्ड बाजूला, सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत, हे पाहून त्याला काय झालं कुणास ठाऊक. मी बोली लावली की तो वर चढायचा. मी डोळे वटारले, तरी चढला.

"काय करून राह्यला तू?" मी त्याच्या कानाशी म्हणालो. "एक म्हैस तरी हाये का तुह्या घरी?"

"घ्याची हाये न शेठ," तो म्हणाला.

दूधवाल्याने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं तेव्हा कुठे गवत माझं झालं. माणूस समोर असून आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या मालाची घासाघीस केली नाही, आणि तो माल गवत होता.

मी वस्तीवरच्या बाया लावल्या. त्यांच्यातली मुकादमीण मला पूर्वीपासून ओळखत होती. मी हमाल असताना तीही याच डेपोत काम करायची.

"शेठ, सागाचं दुकान बुडलं का?" ती विळा कमरेला खोचत म्हणाली. "आता गवत इकता म्हनते."

"तू काप न मुकाट्यानं."

"कापतो, कापतो. म्हशी कुठी बांधल्या ते सांगा फक्त."

त्या दिवशी मला कारंज्याला गिरणीवर जावं लागलं. बायांनी काम चोख केलं. संध्याकाळी गार्डचा फोन आला, "शेठ, समदं गवत निघालं, डेपो कसा साफ झाला." मला बरी झोप लागली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर डेपो खरंच साफ. थप्प्यांच्या मधे, कुंपणाच्या कडेला, कुठे काडी नाही. सगळं गवत पेंढ्या बांधून माझ्या आठ बुंध्यांवर रचलेलं. वर आणि दोन्ही बाजूंना. बुंधे दिसतही नव्हते.

मी त्या ढिगाभोवती एक फेरी मारली. गार्डने ते माझं समाधान समजलं असावं.

"कसं रचलं?" तो म्हणाला. "पाऊस बी नाई लागनार."

"माह्या लाकडावर काहून टाकलं?"

"मंग कुठी टाकू? दुसऱ्याच्या लॉटवर दुसऱ्याचा माल टाकता येते का? डेपोत एका धन्याचा माल एका जागी राह्यते. तुमचं लाकूड, तुमचंच गवत."

"मग मी आताच घेऊन जातो गवत. ट्रक आनतो."

"न्या न. पास आला का न्या."

"गवताले पास?"

"साहेबाची सही लागते."

"साहेब कुठी हायेत?"

त्याने नुसता टेकडीकडे हात केला. मी तिथेच एका पेंढीवर बसलो. ज्या गवताची मला भीती होती ते मी स्वतः विकत घेतलं, स्वतः कापून घेतलं, आणि आधी लाकडाच्या भोवती असलेलं ते आता लाकडाच्या अंगावर आलं होतं. गावात लोक मला हुशार म्हणतात.

पुढचे दिवस असेच गेले. देवळात दगडी बैठका तयार होत्या, सुतार खांबांची वाट बघत बसले होते. आबांचा निरोप आला, "त्याले म्हना, अजून किती कमी करून पाह्यजे?"

तोवर मोहफुलं पडायला लागली. मोहाच्या झाडाखाली पाचोळा असला की फुलं दिसत नाहीत, म्हणून वेचणारे झाडाखालचा पाचोळा जाळतात. बहुतेकांची आग झाडाखालीच विझते. एखाद्याची विझत नाही. त्या दुपारी मी ट्रक आणि चार हमाल घेऊन डेपोवर आलो होतो, साहेब येणार असं कळलं होतं म्हणून. साहेब आले नव्हते. टेकडीवर धूर होता.

आधी एक बारीक पांढरी रेघ, मग वारा फिरला आणि ती रेघ रुंद होऊन खाली यायला लागली. वॉचर पळत आले. आग आणि डेपो यांच्यामधे फक्त कुंपणामागून जाणारी ती जाळरेषा होती, कापलेली, न जाळलेली, वाळलेलं गवत अंगावर घेऊन पडलेली. ती आग अडवणार नव्हती, उलट आगीला डेपोपर्यंत वाट करून देणार होती. पानं उडवून आग तोडायचं मशीन रेंज ऑफिसात कुलपात होतं आणि साहेबांचा फोन लागत नव्हता.

"गवत उचला रे," मी हमालांना ओरडलो.

गार्ड आडवा आला. "शेठ, पासशिवाय माल बाहेर नाई जात."

"बाहेर? अरे आग येऊन राह्यली!"

"येऊन राह्यली, दिसते मले. पन माल बाहेर गेला अन् मंग विचारलं तर माही नोकरी जाते. तुमी गिरणीत जाऊन बसान."

त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, पण आवाज तसाच. मी त्याचा हात झटकला असता. पण मी आयुष्यभर समोरच्याला काय हवंय हे ओळखून जगलो. या माणसाला गवत वाचवायचं नव्हतं, त्याला आपली नोकरी वाचवायची होती.

"गवत मी सरकारले परत देल्लं," मी म्हणालो.

"परत घ्याचा अधिकार मले नाई."

"घेऊ नको. जाळरेषा तुह्यी हाये का नाई?"

"हाये."

"ती जाळाची हाये का नाई?"

"हाये, पन साहेब..."

"जाळरेषेसाठी सरकारी कामाले गवत लागलं तर त्याले पास लागते का?"

त्याने टेकडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सरकारी कामाले पास नाई लागत," तो सावकाश म्हणाला.

"मग हुकूम दे."

"उचला," तो म्हणाला, आणि पहिली पेंढी त्यानेच उचलली.

पट्ट्यात मधे मधे खडक उघडा होता, तिथे आम्ही लावलेली आग तुटली असती आणि वरची त्या फटीतून खाली आली असती. आम्ही पेंढ्या नेऊन ते खडक भरले आणि पट्ट्याच्या डेपोकडच्या कडेने पेटवत गेलो, म्हणजे आग वर टेकडीकडे सरकेल. मी, चार हमाल, दोन वॉचर आणि गार्ड, कडूनिंबाच्या फांद्या घेऊन अलीकडची बाजू झोडपत उभे राहिलो. डोळे उघडवत नव्हते. आमची आग वर गेली, वरची खाली आली, दोन्ही एकमेकींना भिडल्या आणि खायला काही उरलं नाही म्हणून बसल्या. तेवढ्यात मागे काहीतरी कडाडलं. थप्पीवर उरलेल्या दोनचार पेंढ्यांवर ठिणगी पडली होती. हमालांनी त्या ओढून फेकल्या, पाणी मारलं. एका बुंध्याचं टोक वरून काळं झालं. बाकी सगळा लॉट वाचला. दुसऱ्यांचेही वाचले, पण त्याचं कुणी नाव घेत नाही.

आम्ही जमिनीवर बसून पाणी पीत होतो तेव्हा गार्डचा मोबाईल वाजला. उपग्रहावरून मेसेज आला होता, तुमच्या हद्दीत आग दिसते आहे, पाहून कळवा. गार्डने राखेचा फोटो काढला आणि पाठवला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. जळलेला पट्टा पाहून खूश झाले. जाळरेषेचं काम पूर्ण झालं होतं. माझे हात हातात घेतले, आभार मानले. मी म्हटलं, आभार राहू द्या, हातोडा काढा. साहेबांनी गार्डकडे पाहिलं, गार्डने जमिनीकडे.

"अडचण अशी आहे," साहेब म्हणाले, "दोन्ही लॉट तुमच्या नावावर. गवताची उचल झालेली दिसत नाही, तोवर कॉम्प्युटर लाकडाचा पास काढत नाही."

"गवत तुमच्या जाळरेषेत जळलं."

"मला माहीत आहे. पण तसं दाखवायचं तर पंचनामा, चौकशी, वरून मंजुरी. पावसाळा येईल."

मी एवढा ओरडलो की चहावाला दुकान सोडून कुंपणाशी आला. वरचे साहेब तपासणीला येऊन गेल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही, असं ठरलं. ते आले तेव्हा जयंती होऊन गेली होती. देवळापुढे कापडी मांडव होता. मी मागे उभा राहिलो. पारावर बसलो नाही.

तपासणी संपल्यावर साहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "शेठ, तुमचं गवत तेवढं उचलून न्या ना."

मला कळलं, कॉम्प्युटरला कुठलंही गवत चालतं. मी दूधवाल्याकडून ट्रॉलीभर गवत घेतलं, डेपोच्या फाटकातून आत आणलं, ट्रॉली वळवली आणि पास घेऊन त्याच फाटकातून बाहेर काढली. दूधवाल्याची म्हैस तोवर दोरीला ताणत फाटकापर्यंत आली होती. गवत तिथेच तिच्यापुढे टाकलं. मग हातोडा निघाला आणि आठ टोकांवर आठ ठसे बसले.

खांब उभे राहिल्यावर आबांनी बोलावलं. म्हणाले, आता बस पारावर, झालं ते झालं. मी बसलो, आणि सगळी हकीकत सांगितली, हातोड्यापासून म्हशीपर्यंत. आबा शेवटपर्यंत ऐकत होते. मला वाटलं, आता तरी पटलं. ते उठले, काठी टेकत मंडपात गेले, कडेच्या खांबाचं काळं टोक अंगठ्याने घासलं आणि परत आले.

"जळका नग देल्ला त्याईनं तुले?"

"हो आबा, तोच तो."

"अन् तू भाव नाई पाडला?"

"पैसे आधीच भरले होते आबा. सांगतलं न."

आबांनी पारावरच्या सगळ्यांकडे पाहिलं. "हे खोटं बोलून राह्यलं," ते म्हणाले. "एवढे दिवस गेले कुठी मंग?"